सहा पावत्या, एक बँक: पाच लाखांच्या ठेव विम्याचा खरा हिशोब

13 फेब्रुवारी 2025 ला रिझर्व्ह बँकेनं मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून शाखांबाहेर रांगा लागल्या. बचत खातं असो की चालू, सुरुवातीला एक रुपयाही काढता येणार नव्हता. त्या दिवशी घराघरांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, लोकलमध्ये एकच वाक्य फिरत होतं: "पाच लाखांपर्यंत काळजी नाही, विमा असतो." हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माहीत नसल्यानं काय होतं, ते मी माझ्या मावशीच्या घरी पाहिलं आहे.

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे मिळून चौदा लाख तिनं घरासमोरच्या सहकारी बँकेत ठेवले. सगळे एका पावतीवर ठेवायला नकोत, म्हणून मुद्दाम सहा पावत्या केल्या. काही वर्षांनी ती बँक अडकली. मी गेलो तेव्हा तिनं सहाही पावत्या दिवाणावर ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं रक्कम आणि मुदत लिहिलेली. म्हणाली, "बघ, एकही पावती पाच लाखांच्या वर नाही. म्हणजे सगळे मिळतील ना रे?"

मिळणार नव्हते. विम्याचे पाच लाख मिळाले, नऊ लाख अडकले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्यासाठी माझ्या मावसभावाला कर्ज काढावं लागलं. मावशी निष्काळजी नव्हती. तिनं पैसे वाटून ठेवले होते, फक्त ते कसे वाटायचे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासाठी हा लेख.

आपण भरलेले पैसे बँकेत असतात कुठे?

पुष्कळांच्या मनात बँक म्हणजे भक्कम दाराची तिजोरी असते. आपण पैसे दिले, त्यांनी आत ठेवले, मागितले की बाहेर काढून दिले. प्रत्यक्षात कारभार गावातल्या मंडळाच्या भांड्यांसारखा चालतो. प्रत्येक घरानं एकेक पातेलं मंडळाला दिलेलं असतं. कुणाकडे लग्न असलं, बारसं असलं, की मंडळ ती भांडी भाड्यानं देतं. खोलीत थोडीच भांडी असतात, बाकीची फिरती. एखाद्यानं आपलं पातेलं परत मागितलं तर लगेच मिळतं. पण सगळ्या गावानं एकाच दिवशी मागितली, किंवा मोठी पातेली घेऊन गेलेला माणूस परतच आला नाही, तर खोली रिकामी.

बँक आपल्या ठेवी अशाच कर्जाऊ देते. कर्जदाराकडून जास्त व्याज घेते, आपल्याला थोडं कमी देते आणि मधल्या फरकावर चालते. त्यात गैर काही नाही, बँकिंग म्हणजे हेच. म्हणून ठेव म्हणजे बँकेला आपण दिलेलं कर्ज असतं. बँक धनको नाही, धनको आपण आहोत. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं. कर्ज देताना आपण माणूस पाहतो, आणि सगळी पुंजी एकाच माणसाला देत नाही.

निर्बंध आले म्हणजे बँक बुडाली का?

नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेला सांगू शकते की आमच्या परवानगीशिवाय नवी कर्जं देऊ नका, नव्या ठेवी घेऊ नका आणि ठेवीदारांना अमुक रकमेपेक्षा जास्त देऊ नका. यालाच आपण 'निर्बंध' म्हणतो. हेतू असा, की जे पुढे आले त्यांनीच सगळं नेऊ नये आणि उरलेल्यांच्या हाती भोपळा येऊ नये.

हेतू बरोबर असला तरी घरात त्याचा अर्थ वेगळा होतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पीएमसीवर, सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा पहिली मर्यादा होती एका खात्यातून सहा महिन्यांत एक हजार रुपये. लोकक्षोभ झाल्यावर ती काही दिवसांत दहा हजार, मग पंचवीस हजार आणि पुढे टप्प्याटप्प्यानं एक लाखापर्यंत वाढली. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो सप्टेंबर 2022 मध्ये. साडेनऊ वर्षं. तेव्हा दहावीत असलेला मुलगा एवढ्या काळात नोकरीला लागतो.

आणि तुमचे पैसे अडकले म्हणून तुमचे हप्ते थांबत नाहीत. घराचं कर्ज, मुलांची फी, किराणा, औषधं चालूच राहतात.

विमा कुणी काढला आणि हप्ता कोण भरतं?

1960 साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या आणि देशभर ठेवीदारांचा धीर सुटला. त्यानंतर 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती पंधराशे रुपये. ती वाढत वाढत 1993 मध्ये एक लाखावर आली आणि मग सत्तावीस वर्षं तिथंच थांबली. पीएमसीच्या ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून दाद मागितल्यानंतर 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख झाली.

हा विमा देणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. बँकेत डीआयसीजीसी अशी अक्षरं दिसतात ती हीच. रिझर्व्ह बँकेचीच ती उपकंपनी. पुढे मी तिला नुसतं महामंडळ म्हणेन.

तुम्हाला अर्ज करावा लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही. ठेवी घेणाऱ्या प्रत्येक बँकेला हा विमा सक्तीचा आहे आणि त्याचा खर्च ठेवीदारावर टाकता येत नाही. दर शंभर रुपयांना वर्षाला 12 पैसे असा दर 2020 पासून होता, म्हणजे पाच लाखांमागे सहाशे रुपये. धडधाकट बँक आणि डळमळीत बँक, दोघींना सारखाच हप्ता. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की 2026-27 या आर्थिक वर्षापासून हप्ता बँकेची जोखीम पाहून ठरेल. हे फार आधी व्हायला हवं होतं.

सरकारी, खासगी, परदेशी बँकांच्या भारतातल्या शाखा, ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका, सगळ्या या छत्राखाली येतात. पतसंस्था येत नाहीत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात सगळ्यात मोठा घोटाळा तिथंच होतो.

पाच लाख नेमके कशाचे?

मावशीचं गणित चुकलं ते इथं. पाच लाखांची मर्यादा पावतीला नसते, खात्याला नसते, शाखेलाही नसते. ती असते एका बँकेतल्या एका ठेवीदाराला. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतलं तुमचं बचत, चालू, मुदत, आवर्ती असं सगळं एकत्र मोजतात आणि बेरजेवर पाच लाखांची रेघ मारतात. सहा पावत्या असोत की साठ, ठाण्यात असोत की साताऱ्यात, नाव एक आणि बँक एक, तर छत्री एकच. तेच चौदा लाख तीन वेगळ्या बँकांत पाच लाखांच्या आत वाटलेले असते, तर मावशीची कुठलीही एक बँक अडकली तरी सगळेच्या सगळे परत आले असते.

आता व्याजाचं. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. तुम्ही नेमकी पाच लाखांची मुदत ठेव केली असेल, तर निर्बंधांच्या दिवसापर्यंत साचलेलं व्याज विम्याबाहेर. म्हणून पुनर्गुंतवणुकीची ठेव, म्हणजे व्याज हातात न येता ठेवीतच साचतं ती, करताना मुदतीअखेर मिळणारी रक्कम पाहा. सात टक्के दरानं, तिमाही चक्रवाढीनं, तीन वर्षांसाठी चार लाख ठेवले तर शेवटी साधारण 4 लाख 92 हजार होतात. म्हणजे तीन वर्षांच्या ठेवीला चार लाख हा आकडा ठीक. शिवाय त्याच बँकेत बचत खातं असेल तर त्यातली शिल्लकही या बेरजेत येते, हे विसरायचं नाही.

संयुक्त खात्याचा नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. कायदा पाहतो ते 'एकाच हक्कानं आणि एकाच नात्यानं' ठेवलेले पैसे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचे पैसे एक गट. बायकोच्या एकटीच्या नावावरचे दुसरा. दोघांचं संयुक्त खातं, पहिलं नाव नवऱ्याचं, हा तिसरा. आणि पहिलं नाव बायकोचं, दुसरं नवऱ्याचं, हा चौथा गट. नावांचा क्रम बदलला की गट बदलतो आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र पाच लाख. म्हणजे एकाच बँकेत नवरा-बायको मिळून वीस लाखांपर्यंत विम्यात बसवू शकतात. पण तीच नावं त्याच क्रमानं असलेली चार संयुक्त खाती काढली तर ती चारही एकत्र मोजली जातात.

अल्पवयीन मुलाचे पालक म्हणून चालवलेलं खातं वेगळं धरतात. भागीदारी फर्मचं खातंही वेगळं. पण तुमचं दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर 'अमुक ट्रेडर्स' नावाचं चालू खातं आणि तुमचं स्वतःचं बचत खातं मिळून एकच. कितीतरी दुकानदार याच्यात फसतात, कारण खात्याचं नाव वेगळं दिसतं.

त्याच बँकेचं कर्ज असेल तर बँक आपलं येणं ठेवीतून वळतं करून घेऊ शकते. आणि सहकारी बँकेचे सभासद म्हणून घेतलेले भाग, म्हणजे शेअर्स? ते ठेव नाहीत, त्यांना विमा नाही. मोठं कर्ज घेताना बँक भाग घ्यायला लावते, ती रक्कम अनेकांच्या लक्षातही राहत नाही.

हाउसिंग सोसायटीचे पैसे

हे खास महाराष्ट्राचं दुखणं आहे, म्हणून इथं थोडं थांबतो. समजा साठ फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं साठवलेले सत्तर लाख एका सहकारी बँकेत आहेत. सभासदांना वाटतं, साठ जणांचे पैसे आहेत, साठ गुणिले पाच. तसं नाही. विम्याच्या हिशोबात सोसायटी हा एकच ठेवीदार. सत्तर लाखांतले पाच लाख विम्याचे, पासष्ट लाख बँकेच्या नशिबावर.

सोसायटीनं निधी कुठे ठेवायचा याला सहकार कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे कमिटीला मनात येईल तिथं पैसे नेता येत नाहीत. पण कायद्यात बसणाऱ्या दोन-तीन बँकांत तो वाटता नक्की येतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत पेंटच्या रंगावर तासभर बोलण्याआधी हा एक प्रश्न विचारा: आपला राखीव निधी कुठल्या कुठल्या बँकेत आहे आणि किती?

पैसे हातात कधी येतात?

2021 पर्यंत नियम असा होता की बँकेचा परवाना रद्द झाला, लिक्विडेटर म्हणजे अवसायक नेमला गेला, की मगच विमा. त्यामुळे निर्बंधांत वर्षानुवर्षं लटकलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विमा असून नसल्यासारखा. सप्टेंबर 2021 पासून कायदा बदलला. आता निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असते. पहिले 45 दिवस बँक ठेवीदारांची यादी तयार करते, पुढच्या 45 दिवसांत महामंडळ पडताळणी करून पैसे देतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करण्याची बोलणी चालू असतील, तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी नव्वद दिवस वाढवू शकते.

हे आपोआप होत नाही. तुम्हाला बँकेकडे सहमतीचा अर्ज, ओळखीची कागदपत्रं आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. विम्याचे पैसे त्या दुसऱ्या खात्यात येतात. मावशीकडे दुसऱ्या बँकेत खातंच नव्हतं. केवायसीही जुनी, आधारवर सासरचं नाव आणि पावत्यांवर माहेरचं. पहिले तीन आठवडे त्यातच गेले. आज सगळं ठीक असताना हे दोन कागद जुळवून घेणं अर्ध्या तासाचं काम आहे.

पाच लाखांच्या वरचे पैसे बुडालेच समजायचे का?

तसंही नाही, आणि दोन बँकांची गोष्ट शेजारी ठेवली की फरक कळतो. न्यू इंडिया बँकेत 122 कोटींचा अपहार उघड झाला, पण 4 ऑगस्ट 2025 पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. साधारण सहा महिन्यांत ठेवीदार एका मोठ्या बँकेचे ग्राहक झाले.

पीएमसीचं तसं झालं नाही. तिच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती. ती जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्यातले पाच लाख आधी, आणि वरची रक्कम टप्प्याटप्प्यानं, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेचा 80 टक्के हिस्सा तर प्रेफरन्स शेअर्समध्ये, म्हणजे रोख पैशांऐवजी बँकेच्या भागांत, बदलला गेला. साठीतल्या माणसाला 'दहा वर्षांनी मिळतील' हे सांगणं म्हणजे काय, ते त्या माणसालाच विचारावं.

म्हणजे पाच लाखांच्या वरचा पैसा कधी परत मिळतो, कधी उशिरा मिळतो, कधी पूर्ण मिळत नाही. काय होणार हे तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात फक्त एवढंच, की कुठल्याही एका बँकेत विम्याबाहेर किती पैसे उघडे ठेवायचे.

पतसंस्था: नावात पत आहे, विमा नाही

गावात, उपनगरात पाटी दिसते. काचेचं दार, टोकन मशीन, युनिफॉर्ममधले कर्मचारी, पासबुक छापणारं यंत्र. दिसायला हुबेहूब बँक. पण पतसंस्था ही बँक नाही. राज्यातल्या पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 खाली नोंदलेल्या असतात आणि त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. मल्टिस्टेट म्हणवणाऱ्या 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली येतात. रिझर्व्ह बँक त्यांना पाहत नाही आणि महामंडळाचा विमा त्यांच्या ठेवींना लागू नाही. पाच लाखही नाही, पन्नास हजारही नाही.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात मल्टिस्टेट संस्थांमध्ये शेतकरी, शिक्षक, ऊसतोड मजुरांचे पैसे अडकले, तेव्हा हजारो माणसांना हा फरक पहिल्यांदा कळला. अशा वेळी तक्रारीचा मार्ग आहे तो एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणासाठीचा राज्याचा 1999 चा कायदा. त्यात संचालकांच्या मालमत्ता जप्त करून विकता येतात. पण त्याला वर्षं जातात आणि मिळेल ते मिळेल.

चांगल्या, प्रामाणिक पतसंस्था पुष्कळ आहेत. ज्याला बँक दारात उभं करत नाही अशा भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला त्यांनीच उभं केलंय, हे मी मनापासून मानतो. तिथं सभासद व्हा, छोटी आवर्ती ठेव ठेवा. पण निवृत्तीची पुंजी, जमीन विकून आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठीचे पैसे तिथं ठेवू नका. दीड-दोन टक्के जास्त व्याज मिळतं ते नेमकं या नसलेल्या विम्याचं आणि जास्त जोखमीचं.

एखादी संस्था बँक आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण: विम्याखालच्या बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव नसेल तर काउंटरवरचा माणूस कितीही आश्वासन देवो, विमा नाही.

"पण आमची बँक चांगली आहे, अहवालही पाहिलाय"

अहवाल पाहता, हे उत्तमच. एनपीए म्हणजे थकलेली कर्जं किती, भांडवल किती, सलग तीन वर्षांत आकडे कुठे चाललेत, हे वार्षिक सभेला जाऊन विचारावं. पण त्यावर सगळी पुंजी सोडू नये. मार्च 2019 च्या अहवालात पीएमसीनं दाखवलेला ढोबळ एनपीए चार टक्क्यांच्या आत होता. सहा महिन्यांत कळलं की थकलेली कर्जं लपवण्यासाठी 21 हजारांहून जास्त खोटी खाती उभी केली होती. जे लेखापरीक्षकांना दिसलं नाही ते मला-तुम्हाला पासबुकात दिसणार नाही.

"मग सगळं एका मोठ्या बँकेत टाकू"

यात तथ्य आहे. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिघींना रिझर्व्ह बँकेनं देशाच्या दृष्टीनं फार महत्त्वाच्या बँका ठरवलंय आणि त्यांना जास्त भांडवल ठेवायला लावलंय. व्यापारी बँका अडकल्या तरी लवकर सुटतात. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर 50 हजारांची मर्यादा आली, ती 18 मार्चला उठली. नोव्हेंबर 2020 मध्ये लक्ष्मी विलास बँकेवर 25 हजारांची मर्यादा आली आणि दहा-अकरा दिवसांत ती डीबीएसमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले.

तरी त्या दिवसांत ज्याचं घराचं सगळं एकाच बँकेत होतं, त्याला दवाखान्याचं बिल भरता आलं नव्हतं. खातं गोठवलं जाणं, सायबर भामट्यानं लुटणं, सर्व्हर बंद पडणं, नावात गफलत होणं, ही संकटं मोठ्या बँकेतही येतात. म्हणून पहिली बँक कितीही मोठी असली तरी दुसरी हवीच.

विम्याची मर्यादाच नको असेल तर पोस्ट आहे. टपाल खात्यातल्या बचतीमागे थेट केंद्र सरकार उभं असतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत, मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला 9 आणि संयुक्त 15 लाखांपर्यंत ठेवता येतात. मावशीचे चौदा लाख पहिल्या योजनेत सहज बसले असते.

"अर्धा टक्का व्याज सोडायचं का?"

मावशीला तिच्या बँकेत अर्धा टक्का जास्त मिळत होता. चौदा लाखांवर वर्षाला सात हजार रुपये, महिन्याला सहाशेच्या आत. त्यासाठी नऊ लाख उघडे पडले. पाच लाखांच्या आतल्या ठेवीसाठी जास्त व्याजाच्या बँकेत जायला हरकत नाही, तिथं जोखीम फक्त काही महिने थांबण्याची. पाच लाखांच्या वर मात्र तो अर्धा टक्का फार महागात पडू शकतो.

"आमच्याकडे पाच लाख आहेतच कुठे?"

हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. मार्च 2024 अखेर देशातली 97.8 टक्के खाती पूर्ण विम्यात बसत होती. पण रकमेच्या हिशोबानं जेमतेम 43.1 टक्के ठेवी विम्यात होत्या. उरलेल्या खात्यांत सगळे श्रीमंत नसतात. आयुष्यात एकदाच मोठी रक्कम हाती आलेली माणसंही त्यात असतात. निवृत्त झालेला कारकून. महामार्गात जमीन गेलेला शेतकरी. नवऱ्याच्या विम्याचे पैसे आलेली विधवा. जुनं घर विकून नव्याची नोंदणी होईपर्यंत चाळीस लाख दोन महिने बचत खात्यात ठेवणारं कुटुंब. पैसा थोडे दिवसच असणार म्हणून कुणी विचार करत नाही, आणि तेवढ्यात सगळ्यात जास्त रक्कम उघडी असते.

घरात बसून करायचं काम

एक साधी वही घ्या. पानावर बँकेचं नाव, खालच्या ओळीत त्या बँकेतलं कुणाच्या नावावर काय, संयुक्त असेल तर पहिलं नाव कुणाचं, आणि नॉमिनी कोण. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. जुन्या पावत्यांवर नॉमिनी म्हणून वारलेली माणसं असतात, ती नावं आधी बदला.

प्रत्येक पानाची बेरीज करा. पाच लाखांच्या वर गेलेल्या पानाला गोल करा. ठेव मोडू नका, दंड लागतो. मुदत संपली की ती तिथंच नूतनीकरण न करता दुसरीकडे न्या. त्यासाठी 'ऑटो रिन्यूअल' आजच बंद करून घ्या, नाहीतर ठेव तुम्हाला न विचारता पुन्हा तिथंच बसते.

जिथं पेन्शन किंवा पगार येतो त्या बँकेत सगळ्या मुदत ठेवी नकोत. घराचा तीन-चार महिन्यांचा खर्च दुसऱ्या बँकेत, आणि ते खातं खरोखर चालू हवं: एटीएम कार्ड आलेलं, पिन लावलेला, मोबाईल जोडलेला. वयस्कर माणसाला चार बँका झेपत नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांना दोन बँका आणि पोस्ट पुरे. तिन्हीकडे जाताना घरातल्या एकानं सोबत असावं, आणि वही कुठे आहे हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावं.

मावशीनं आता अशी वही केली आहे, दोनशे पानी, शाळेत हजेरी लिहायची तशाच रेघा आखून. निळ्या शाईनं रकमा, लाल शाईनं नॉमिनी. अडकलेल्या नऊ लाखांचं पान तिनं सगळ्यात शेवटी ठेवलंय. त्या पानावर अवसायकाच्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तारीख आहे आणि पोचपावती टाचणीनं लावलेली.